गोंधळाचे गणित आणि पेरणीची तारीख

इंग्रजीतल्या 'केऑस' या शब्दाला मराठीत काय म्हणायचे, याबाबत जाणकारांचे एकमत नाही. कुणी अव्यवस्था म्हणतात, कुणी कोलाहल. मला विचाराल तर आपल्या धाराशिव जिल्ह्याला सर्वांत जवळचा शब्द आहे तो गोंधळ. तुळजाभवानीचा गोंधळ ज्याने रात्रभर बसून पाहिला आहे, त्याला हे पटेल. संबळ कडाडत असतो, तुणतुणे लागलेले असते, पोत पेटलेला असतो, एकेका देवाला नाव घेऊन बोलावणे चाललेले असते. लांबून ऐकणाऱ्याला हा नुसता गलका वाटतो. पण गोंधळ्याच्या घरातल्या पोराला विचारा. चौक आधी भरायचा, मग गण, मग आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. एकही पायरी इकडची तिकडे होत नाही.

शास्त्रातला 'केऑस' असाच आहे. तिथे नियम पक्के असतात. आत्ताच्या क्षणापासून पुढचा क्षण काटेकोर गणिताने निघतो, नशिबाचा फासा कुठेही पडत नाही. आणि तरीही थोडे पुढे गेले की काय होणार हे सांगता येत नाही. आपल्या डोक्यावरची हवा ही अशी एक गोंधळी व्यवस्था आहे. तिचा अंदाज बांधण्याच्या कामात आता कृत्रिम बुद्धिमत्ता उतरली आहे. यंत्राला खरेच काय जमले आणि काय जमलेले नाही, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते. कारण यंत्र आज जे करते आहे, ते माणसांनी यापूर्वी हाताने करून पाहिले आहे.

पण आधी हा प्रश्न आपल्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते बघू. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. भूम-परंड्याकडे पाऊस आणखी हात आखडतो, उमरगा-लोहाऱ्याकडे जरा बरा. सोयाबीन, उडीद, तूर या पिकांसाठी कृषी खाते दर वर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सल्ला योग्यच आहे. पण मृगाचा पहिला पाऊस झाला, वाफसा आला आणि शेजाऱ्याची तिफण चालू झाली, की माणसाचा हात थांबत नाही. पेरल्यावर पावसाने वीस दिवस दडी मारली की दुबार पेरणी. म्हणजे बियाणे, खत, मजुरी, सगळे दुसऱ्यांदा, आणि तेही बहुधा उसनवारीने. शेतकऱ्याचा खरा प्रश्न 'यंदा पाऊस सरासरीच्या किती टक्के' हा नसतोच. पहिल्या पावसानंतर तो थांबणार आहे का, हा असतो. दोन ते चार आठवड्यांपुढचा हा प्रश्न हवामानशास्त्रातला सर्वांत अवघड पल्ला आहे. का, ते पुढे येईलच.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. पुढचा पावसाळा कसा असेल हे आधी सांगता येईल का, असा प्रश्न त्या दुष्काळानंतर सरकारने खात्याला विचारला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे बोट दाखवले. बर्फ जास्त पडला की मोसमी पाऊस कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. १८८६ पासून या आधारावर दर वर्षी अंदाज निघू लागले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी त्यात आणखी बाबी घातल्या. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांनी असे झोडपले की पुढे काही वर्षे अंदाज गोपनीय ठेवले गेले. चुकलेला अंदाज लपवण्याची ही खोड तेव्हापासूनची.

१९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हा माणूस हवामानतज्ज्ञ नव्हता. केंब्रिजचा सीनियर रँग्लर होता, म्हणजे आपल्या रँग्लर परांजप्यांनी १८९९ मध्ये जो मान मिळवला तोच त्याने दहा वर्षे आधी मिळवला होता. बूमरँग फेकल्यावर परत कसे येते यावर त्याने शोधनिबंध लिहिले होते. वॉकरने हवेचे समीकरण सोडवण्याचा नाद सोडला आणि आकड्यांनाच विचारायचे ठरवले. जगभरच्या केंद्रांवरून हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या नोंदी मागवल्या आणि हिंदी कारकुनांच्या फौजेला गणिते करायला बसवले. कुठल्या गावच्या दाबाचा आपल्या पावसाशी मेळ बसतो, हे एकेक जोडी घेऊन तपासायचे. या कारकुनांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. पण 'कम्प्यूटर' हा शब्द त्या काळी माणसांसाठीच वापरत, आणि ही मंडळी त्या अर्थाने हवामान खात्याचे पहिले संगणक.

त्या रगाड्यातून एक रत्न निघाले. पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा खालीवर होतो, हे वॉकरला दिसले. याला त्यांनी 'सदर्न ऑसिलेशन' नाव दिले. ते का घडते हे त्यांना सांगता आले नाही. समुद्राच्या तापण्याशी, म्हणजे एल निनोशी, त्याचा संबंध जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये जोडून दाखवला, तेव्हा वॉकर जाऊन अकरा वर्षे झाली होती. वॉकर यांनी एक धोकाही वेळीच ओळखला होता. शेकडो जोड्या तपासल्या तर काहींचा मेळ निव्वळ योगायोगाने बसणारच. तो खरा मानून फसू नये म्हणून कसोटी कडक हवी, असे त्यांनी १९१४ मध्येच मांडले. १९२८ मध्ये हे खाते सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात.

आता जरा परदेशात जाऊ. १९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एडवर्ड लोरेन्झ हे प्राध्यापक संगणकावर एक लुटुपुटूचे हवामान चालवून पाहत होते. आधीचेच गणित पुन्हा तपासायचे म्हणून त्यांनी मधल्या टप्प्यावरचे आकडे हाताने भरले. संगणकाच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७. कागदावर छापून आला होता ०.५०६. त्यांनी छापलेला भरला आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने परत आले तर नवे हवामान आधीच्या हवामानापासून फुटून भलतीकडेच गेलेले. एवढ्याशा फरकाने! १९६३ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला आणि १९७२ मध्ये एका व्याख्यानाला शीर्षक दिले: ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले तर टेक्सासमध्ये चक्रीवादळ येईल का? तिथून 'बटरफ्लाय इफेक्ट' हा शब्द घरोघर पोचला. याचा व्यावहारिक अर्थ असा की आजच्या हवेचे मोजमाप कधीच पूर्ण बिनचूक नसते, ती चूक वाढत जाते आणि सुमारे दोन आठवड्यांपुढे दररोजचे हवामान सांगणे हाताबाहेर जाते.

मग चार महिन्यांच्या पावसाळ्याचा अंदाज कसा देतात, अशी शंका कुणालाही येईल. त्याचे उत्तर १९८१ मध्ये जूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी दिले. हवा चंचल असली तरी समुद्र संथ आहे. उष्ण कटिबंधातला पाऊस बराचसा समुद्राच्या तापमानावर अवलंबून असतो, आणि ते महिनोन्‌महिने फारसे हलत नाही. म्हणून अमुक दिवशी पाऊस येईल असे सांगता आले नाही तरी हंगाम एकूण कसा जाईल याचा अंदाज करता येतो. आता आपल्या शेतकऱ्याचा प्रश्न आठवा. दोन आठवड्यांच्या आत हवेची आठवण उपयोगी पडते, हंगामासाठी समुद्राची. दोन ते चार आठवडे हा पल्ला दोघांच्या मधला. हवेची आठवण पुसत आलेली आणि समुद्राचा आवाज अजून पुरेसा स्पष्ट नाही. नेमकी पेरणीची तारीख तिथे येऊन बसली आहे.

पुण्याकडे परत येऊ. १९८७ च्या दुष्काळानंतर, १९८८ पासून, डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले. हिमालयातले बर्फ, एल निनो, वरच्या थरांतले वारे, ठिकठिकाणचे दाब आणि तापमान, अशा सोळा गोष्टी मोजायच्या आणि त्यांवरून पावसाचा आकडा काढायचा. हे वॉकरच्याच घराण्यातले, फक्त अधिक सुधारलेले. अग्निबाण बनवणारा मराठी माणूस पावसाचे गणित सोडवतो याचे महाराष्ट्राला मोठे कौतुक होते, आणि बरीच वर्षे अंदाज जमतही गेले. मग २००२ साल उजाडले. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. जुलैमध्ये देशात सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस पडला आणि हंगामाअखेर तूट १९ टक्क्यांवर गेली. २००३ मध्ये ते प्रारूप बदलले गेले. त्या अपयशाबद्दल गोवारीकरांना दोष देणारे पुष्कळ होते. मला तो अन्याय वाटतो. सोळा घटक आणि तपासायला मोजकीच वर्षे, ही अडचण त्या माणसाची नव्हती, विषयाचीच होती.

कृत्रिम बुद्धिमत्ता पुण्यात आली तीही याच सुमारास. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या ए. के. सहाय, एम. के. सोमण आणि व्ही. सत्यन यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मागच्या वर्षांच्या पावसाचे आकडे कृत्रिम चेताजालाला शिकवून पुढच्या हंगामाचा अंदाज काढून पाहिला. आज 'एआय'चा जो गाजावाजा चालतो तो ऐकून हे सगळे परवा सुरू झाल्यासारखे वाटते, म्हणून मुद्दाम सांगितले.

चेताजाल शिकते कसे? आपल्या भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीवर नवा पोरगा शिकतो तसे. त्याला दुधाचे रसायनशास्त्र कुणी सांगत नाही. पहिली कढई करपते, दुसरी कच्ची राहते. दर वेळी उस्ताद ओरडतो आणि पोराचा हात जरा सुधारतो. हजार कढयांनंतर बुडबुड्याच्या आवाजावरून त्याला कळते की आता उतरवायची. यंत्राचेही तसेच, अंदाज करायचा, चूक मोजायची, आतल्या आकड्यांना किंचित पिळ द्यायचा, पुन्हा अंदाज. अडचण एवढीच की पावसाळा वर्षातून एकदाच येतो. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या नोंदी म्हणजे यंत्राच्या वाट्याला सव्वाशे-दीडशेच कढया.

ही कोंडी गेल्या काही वर्षांत फुटली ती दोन वाटांनी. पहिली वाट गणिताची. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात जयदीप पाठक, एडवर्ड ऑट आणि सहकाऱ्यांनी एका गोंधळी समीकरणाचे आकडे यंत्राला दिले, समीकरण मात्र सांगितले नाही. तरीही यंत्राने पुढची चाल अपेक्षेपेक्षा कितीतरी लांबवर बरोबर सांगितली. नियम न सांगता नुसत्या निरीक्षणावरून गोंधळाची चाल पकडता येते, हे त्यातून दिसले. दुसरी वाट हवामानाची. हंगामांची संख्या मोजण्याऐवजी दर काही तासांची जगाची हवा हाच एकेक धडा धरला. १९७९ पासूनच्या हवेचे असे तपशीलवार चित्र युरोपीय हवामान केंद्राने तयार करून ठेवले होते. आता कढयांची ददात संपली. २०२३ मध्ये हुआवेची 'पांगू' आणि गूगल डीपमाइंडची 'ग्राफकास्ट' ही प्रारूपे पुढे आली. जगाच्या दहा दिवसांच्या हवेचा अंदाज 'ग्राफकास्ट' एका मिनिटाच्या आत देते, आणि पुष्कळ बाबतींत तो महासंगणकावर तासन्‌तास चालणाऱ्या गणितापेक्षा सरस निघाला.

मग लोरेन्झचे फुलपाखरू मेले का? काहींना तसे वाटू लागले होते. म्युनिकच्या टोबियास सेल्झ आणि जॉर्ज क्रेग यांनी २०२३ मध्येच ते तपासले. त्यांनी 'पांगू'ला सुरुवातीची हवा अगदी किंचित बदलून दिली. खऱ्या वातावरणात एवढीशी चूक आधी झपाट्याने वाढते. यंत्रात ती तशी वाढलीच नाही. म्हणजे यंत्राने हवेची ठळक चाल उत्तम उचलली, पण फुलपाखराचा पंख त्याला जाणवतच नाही. ही ताकद समजू नये. दोन आठवड्यांची भिंत यंत्राला दिसत नाही म्हणून ती नाहीशी झालेली नाही. या प्रारूपांची आणखी एक खोड आहे. सरासरी चूक कमीत कमी ठेवण्याचे शिक्षण मिळालेले यंत्र पावसाची टोके बोथट करते. एका मंडळावर ढग फुटावा तसा पाऊस पडतो तेव्हा हे चारी दिशांना थोडाथोडा दाखवते. त्यावर उपाय म्हणून एकाच अंदाजाऐवजी अनेक शक्यतांचा संच देणारी नवी प्रारूपे आली आहेत.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असताना काकांनी थापटणे हातात घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगितले. नामदेव कच्चे ठरले ते मार बसल्यावर रुसले म्हणून. हवामानाच्या अंदाजालाही हेच थापटणे लागते. ज्या वर्षांवरून यंत्र शिकले त्या वर्षांची उत्तरे त्याने बरोबर दिली तर त्यात नवल काय? न पाहिलेल्या वर्षांवर ते वाजवून बघायला हवे, आणि तेही मुंबई-दिल्लीच्या सरासरीवर नाही, परंडा आणि लोहारा इथल्या पावसावर. चुकलेली वर्षे जाहीर करायला हवीत. हे न करता 'एआयचा अंदाज' म्हणून मोबाइलवर जे फिरते, त्याला मी पंचांगातल्या 'वाहन कोल्हा, वाहन बेडूक' याहून अधिक किंमत देणार नाही. पंचांग निदान नम्रपणे भिंतीवर टांगलेले असते.

लोकांचा धीर किती सुटला आहे याचा एक दाखला शेजारच्या बीड जिल्ह्यात मिळाला. २०१७ च्या जुलैमध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पाऊस गेला, आणि त्यांनी हवामान खात्याविरुद्ध चक्क पोलिसांत तक्रार दिली. शहरात लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. अंदाजाचा भरवसा नुसता 'होईल' असा सांगितला, 'दहापैकी सहा वेळा होईल' असे सांगितलेच नाही, तर ऐकणाऱ्याने काय समजायचे? आकडा सांगितला तर शेतकरी तो नीट वापरतो. १९५६ पर्यंत आपण ज्यांच्यासोबत एकाच हैदराबाद राज्यात होतो त्या तेलंगणातल्या गावांत अर्थशास्त्रज्ञांनी हे पडताळले आहे. पाऊस उशिरा येणार असे कळलेल्यांनी पेरा कमी केला, लवकर येणार असे कळलेल्यांनी बियाणे-खतावर हात सैल सोडला.

२०२५ च्या खरिपात याचा मोठा प्रयोग झाला. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाने पावसाच्या आगमनाचे अंदाज पाठवले, चार आठवडे आधीपर्यंतचे. त्यामागे गूगलचे 'न्यूरलजीसीएम', युरोपीय केंद्राचे एआय प्रारूप आणि आपल्या हवामान खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी, अशी तिहेरी वीण होती. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजीच पोचला, आणि मग जवळपास वीस दिवस जागच्या जागी थांबला. हा थांबा येणार हे त्या अंदाजांनी आधी सांगितले होते. एका वर्षाच्या यशावर मडके पक्के म्हणता येत नाही, हे २००२ ने शिकवले आहे. तरी दोन ते चार आठवड्यांच्या त्या अवघड पल्ल्यात, तेही नेमक्या पेरणीच्या तोंडावर, काही हाती लागले हे मोलाचे आहे.

त्याच वर्षाचा सप्टेंबर मात्र वेगळा निघाला. भूम-परंड्यात, म्हणजे जिथे आयुष्यभर पावसाची वाट पाहायची त्या भागात, अतिवृष्टी झाली. सीना पात्र सोडून शेतात शिरली, माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले आणि काढणीला आलेले सोयाबीन मातीसकट गेले. मागच्या धड्यांत जे फार क्वचित आहे, ते यंत्राला ओळखता येणे कठीण. म्हशीच्या दुधावर हात बसलेल्या पोरापुढे अचानक शेळीचे दूध ठेवावे, तसे ते आहे. हवा तापत चालली तसे असे दिवस वाढतील, आणि त्यांचे धडे यंत्राला आपल्याच नोंदींतून मिळतील.

या नोंदींबद्दल थोडे सांगून थांबतो. पुण्याच्या हवामान खात्याने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस चौकटींच्या नकाशात बसवला, तो ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी नरसाळ्याखालचे पाणी मापात ओतले आणि आकडा वहीत लिहिला, अशा लक्षावधी सकाळी त्यात आहेत. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय उभी राहिली. पीकविम्याची भरपाईही पुष्कळदा या आकड्यांवर ठरते. पर्जन्यमापक मोकळ्या जागी हवा. आजूबाजूचे झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. केंद्र बसवताना जागा मोकळी असते, मग शेजारी लिंब वाढतो, कुणी पत्र्याचे शेड टाकते. नरसाळ्यावर फांदी आली की पाऊस कमी नोंदला जातो आणि यंत्र तेवढाच पाऊस खरा मानून शिकते. मृग निघण्यापूर्वी आपल्या मंडळाचे केंद्र कुठे आहे आणि त्याच्याभोवती काय वाढले आहे, हे गावातल्या चार जणांनी एकदा जाऊन पाहून यावे.